बिघडलेल्या पदार्थाचा केसपेपर

कुंभकोणमच्या पूर्वेला सहा-सात किलोमीटरवर तिरुनागेश्वरम् आहे. मराठी यात्रेकरू तिथे बहुतेक राहूसाठी जातात. नागनाथस्वामींच्या देवळात राहुकाळी होणारा दुधाचा अभिषेक पाहतात आणि पुढच्या नवग्रह-स्थळाची वाट धरतात. पण ज्यांना रोज चुलीपुढे उभे राहावे लागते त्यांनी याच गावातल्या दुसऱ्या देवळात, ओप्पिलियप्पनच्या देवळात, जरा निवांत थांबावे. वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांपैकी हे एक, आणि इथला सगळा नैवेद्य अळणी असतो. त्यामागची कथा अशी की भूदेवी मार्कंडेय ऋषींची मुलगी म्हणून वाढली आणि विष्णू म्हाताऱ्या ब्राह्मणाचे रूप घेऊन तिला मागणी घालायला आले. ऋषी म्हणाले, पोर लहान आहे, स्वयंपाकात मीठ किती घालावे तेही तिला अजून कळत नाही. वराने उत्तर दिले की तिने केलेले बिनमिठाचे अन्न मी गोड मानून घेईन. 'ओप्पिलि' म्हणजे ज्याला तोड नाही असा. तमिळमध्ये मिठाला 'उप्पु' म्हणतात, त्यामुळे लोकांच्या तोंडी हाच देव 'उप्पिलियप्पन', म्हणजे मिठावाचूनचा देव, असाही झाला.

या कथेत स्वयंपाकातली उणीव कोणी झाकून ठेवत नाही. बापाने ती आधीच सांगितली, समोरच्याने ती ऐकून घेतली, आणि देवळाचा मुदपाकखाना तिची आठवण आजही रोज जागवतो. आपल्या घरांत नेमके उलटे चालते. आमटी खारट झाली की त्यात पाणी ओतायचे, भात करपला की वरचा तेवढा काढून घ्यायचा, पुरण सैल झाले की गुपचूप त्याची खीर करायची आणि पातेले घासून टाकायचे. जेवण निभावते, पण पुढच्या महिन्यात तेच पुरण त्याच कारणाने पुन्हा सैल होते, कारण मागच्या वेळी काय झाले होते ते कुणाच्याच ध्यानात नसते. म्हणून माझा आग्रह असा आहे की घरात स्वयंपाकाची वही ठेवायची असेल तर ती आधी बिघाडांची असावी. साधलेल्या पदार्थांची कृती कुठेही मिळते. आपल्या शेगडीवर, आपल्या भांड्यात, आपल्या गावच्या हवेत एखादा पदार्थ का फसतो, हे मात्र आपल्याखेरीज दुसरे कोणी लिहून देणार नाही.

या मुलखात मराठी माणसांनी दोन्ही प्रकारच्या नोंदी केल्या आहेत, आणि त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की फरक कळतो. तंजावरला भोसल्यांची गादी सतराव्या शतकात आली आणि १८५५ पर्यंत राहिली. गादीवरून उतरलेले अमरसिंगराजे शेवटी राहिले ते तिरुनागेश्वरम्-शेजारच्या तिरुविडैमरुदूरला, म्हणजे मराठी स्वयंपाकघर या भागाला काही परके नव्हते. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात (१७९८ ते १८३२) सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह बहरला. राजवाड्यातल्या पदार्थांचे 'शरभेंद्र पाकशास्त्र' हे मराठी लेखन याच संग्रहातले. त्याच राजांच्या पदरी डोळ्यांच्या रुग्णांवर उपचार होत, आणि त्या रुग्णांची टिपणेही तिथे जपलेली आहेत: तक्रार काय, उपचार कोणता केला, आणि सोबत डोळ्याचे चित्र. पाकशास्त्र सांगते की पदार्थ असा करावा. रुग्णाचे टिपण सांगते की या एका माणसाचे, या दिवशी, असे झाले होते. पुढच्या वैद्याला दुसऱ्या प्रकारच्या लेखनातून अधिक शिकता येते, कारण त्यात जे बिघडले तेच मुळाशी धरलेले असते. घरातल्या वहीने दवाखान्यातल्या केसपेपरचा कित्ता गिरवावा, असे मला वाटते ते यामुळे.

याला जोडूनच सांबाराची गोष्ट घेता येईल. तंजावरला शहाजीराजांच्या वाड्यात संभाजीराजे पाहुणे आले, आमटीसाठी आमसुले संपली होती, कुणीतरी चिंच वापरली आणि 'सांबार' जन्माला आले, असे सगळीकडे सांगतात. ही दंतकथा आहे आणि ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. पण ती खरी आहे असे क्षणभर धरले, तरी तिच्यातून शिकण्यासारखे काहीच उरलेले नाही. चिंच किती घेतली, ती डाळ शिजण्याआधी घातली की नंतर, गूळ वाढवावा लागला का, यातले काहीही कथेत नाही. कुणाच्या तरी हातून घडलेली चूक नाव मिळवून गेली, आणि तिचे ज्ञान मात्र वाटेतच सांडले.

आता प्रत्यक्ष नोंद कशी करावी ते पाहू. सगळ्यात आधी घरातली एक वाटी आणि एक चमचा कायमचे नेमावेत. मराठी पाकपुस्तकांची परंपरा मोठी आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' १९१० चे, आणि कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे माप घरोघर रुजवले, पण वाटी म्हणजे नक्की केवढी हे प्रत्येक घराने स्वतः ठरवायचे असते. एका घरातली वाटी दीडशे मिलिलिटरची असते, दुसऱ्या घरातली दोनशेची, आणि भाताच्या पाण्यात हा फरक ताटापर्यंत पोहोचतो. औषधाच्या बाटलीच्या झाकणाने किंवा लहान मुलांच्या दुधाच्या बाटलीने एकदा पाणी मोजून वाटीचे माप वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. जुन्या घरांत चिपटे-मापटे होते, तमिळ घरांत पडि आणि आळाक्कु होते. ती मापे सगळ्या गावाला सारखी कळत. आज प्रत्येक घराचे माप वेगळे झाले आहे, म्हणून ते लिहावे लागते. कुंभकोणमच्या 'डिग्री कॉफी'चे नावसुद्धा दुधातले पाणी ओळखणाऱ्या उपकरणाच्या अंशांवरून पडले असे एक स्पष्टीकरण देतात. चांगल्या चवीमागे मोजमाप असते, याची त्या गावाला फार जुनी सवय आहे.

मग बिघाडाची नोंद. तारीख, हवा (उकाडा, पाऊस, थंडी), पदार्थ, भांडे, आच, आणि जे बिघडले ते. शेवटी एक ओळ संशयाची: मला वाटते हे अमुक कारणाने झाले. आणि पुढच्या वेळी त्यातली एकच गोष्ट बदलायची. हे पथ्य पाळणे कठीण जाते, कारण पदार्थ फसला की आपण रागाने पीठ, पाणी, आच, भांडे सगळेच बदलतो. पुढे तो जमला तरी कशामुळे जमला ते कळत नाही, आणि फसला तर गोंधळ दुप्पट होतो. चकली हसली, म्हणजे तेलात विरघळली, तर मोहन कमी करून पाहावे, पीठ तेच ठेवावे. तरीही हसली तर त्यानंतर भाजणीकडे वळावे.

मिठापासून सुरुवात करणे सगळ्यात सोयीचे, कारण ते रोज लागते आणि त्याची चूक लगेच कळते. एक चमचा बारीक मीठ आणि एक चमचा खडे मीठ वजनाला सारखे नसते. खड्यांच्या मधे हवा राहते, म्हणून तेवढ्याच चमच्यात मीठ कमी बसते. पुडा बदलला आणि आमटी खारट झाली, याचे कारण बहुधा इथेच सापडते. खारट आमटीत बटाटा टाकला की तो मीठ शोषून घेतो, असे हमखास सांगतात. बटाटा पाणी आणि मीठ दोन्ही मिळून शोषतो, त्यामुळे उरलेल्या रसाचा खारटपणा जवळजवळ तेवढाच राहतो. उपाय एकच, पदार्थ वाढवणे: बिनमिठाची शिजलेली डाळ, पाणी, नारळाचे दूध घालावे आणि उरलेले दुसऱ्या दिवशी खावे. आंबट किंवा गोड घातल्याने खारटपणा जिभेला कमी जाणवतो, पण पोटात जाणारे मीठ तेवढेच असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे सगळ्या दिवसाला मिळून जेमतेम एक छोटा चमचा. ज्या घरात रक्तदाबाचा रुग्ण आहे तिथे तर मिठाची नोंद निव्वळ चवीची राहत नाही. राजाजींचा मिठाचा सत्याग्रह एप्रिल १९३० मध्ये तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमला गेला तो तंजावर-कुंभकोणमच्याच वाटेने. ज्या मिठासाठी माणसे इतकी चालली, ते हाताला येईल तेवढे टाकणे योग्य वाटत नाही.

डाळ न शिजणे हा दुसरा नेहमीचा बिघाड, आणि त्याचा सगळा दोष शिट्ट्यांवर जातो. बहुतेक वेळा आंबट आधी पडलेले असते. चिंच, आमसूल, टोमॅटो यांतल्या आम्लामुळे डाळीच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन लवकर सुटत नाही, म्हणून दाणा कडक राहतो. जड पाण्यातल्या कॅल्शियमचा परिणामही असाच होतो, आणि वर्षभर जुनी डाळ मुळातच जास्त वेळ घेते. तंजावरच्या स्वयंपाकात 'पिट्लै' नावाचा प्रकार आहे, नाव ऐकून पिठले आठवते, पण ताटात येते ती कारल्याची किंवा वांग्याची चिंच घातलेली, खोबरे-धण्यांचे वाटण लावलेली तुरीची डाळ. 'रसवांगी'तले वांगे तर सरळ मराठी आहे. दोन्हींत क्रम महत्त्वाचा: डाळ वेगळी मऊ शिजवायची, भाजी चिंचेच्या पाण्यात वेगळी, आणि दोन्ही शेवटी एकत्र. पुण्या-नागपुरात हे पदार्थ पहिल्यांदा करणाऱ्याने सगळे एकदम कुकरमध्ये घातले तर तुरीचे दाणे दाताखाली येतील. आणि वहीत 'डाळ कच्ची राहिली' एवढेच लिहिले तर पुढच्या वेळी तो दोन शिट्ट्या वाढवेल. 'चिंच आधी घातली होती' हे चार शब्द लिहिले तर शिट्ट्या वाढवायची गरज राहणार नाही.

डोशाच्या पिठाइतकी हवेची चाहूल दुसऱ्या कशालाच लागत नसेल. उडदासोबत येणारे जिवाणू पीठ आंबवतात आणि त्यांचा वेग उष्णतेवर ठरतो. कावेरीच्या खोऱ्यात मे महिन्यात सहा-सात तासांत पीठ भांड्याबाहेर येते, नाशिकच्या जानेवारीत तेच पीठ सोळा तासांनीही ढिम्म असू शकते. म्हणून तमिळ घरातली कृती जशीच्या तशी उतरवून घेतली तरी 'रात्रभर ठेवा' या दोन शब्दांत घोटाळा उरतोच. रात्र किती तासांची आणि किती गरम, ते कृतीत नसते. उकाड्यात मीठ आधीच घालतात, त्याने आंबणे थोडे आवरते. थंडीत मीठ नंतर घालावे आणि पीठ बंद ओव्हनमध्ये कोमट पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवावे. नोंदीत दळले किती वाजता, फुगले किती वाजता आणि त्या दिवशी हवा कशी होती, या तीन गोष्टी वर्षभर लिहिल्या की त्या घरापुरते बारा महिन्यांचे वेळापत्रक आपोआप तयार होते. कोणत्याही पुस्तकात ते मिळणार नाही.

दूध-गुळाच्या खिरीबद्दल थोडक्यात: उकळत्या दुधात गूळ टाकला तर दूध नासण्याचा धोका मोठा, कारण गूळ किंचित आम्ल असतो आणि गरम दूध तेवढ्या आम्लानेही फाटते. खीर खाली उतरवून कोमट झाल्यावर विरघळवून गाळलेला गूळ घालावा. भांड्यांच्या बाबतीत मात्र एक तमिळ बिघाड सविस्तर सांगण्यासारखा आहे. कुंभकोणम परिसरात रसम् करायला कथलाचे भांडे वापरतात, त्याला 'ईयच्चोंबु' म्हणतात. मराठी प्रवासी हौसेने ते विकत आणतात आणि घरी रिकामेच आचेवर ठेवतात. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते आणि गॅसची ज्योत त्याहून कितीतरी तापलेली असते, त्यामुळे बघता बघता भांड्याचा तळ गळतो. आत पाणी असेल तर भांडे शंभर अंशांच्या आसपास राहते आणि टिकते. म्हणून आधी पातळ ओतायचे, मग आच लावायची, फोडणी कायम वेगळ्या पळीत करायची आणि रसम् आटू द्यायचे नाही. आणखी एक, 'ईयम्' हा शब्द शिशालाही वापरतात आणि शिसे विषारी आहे. भांडे शुद्ध कथलाचे असल्याची खात्री भरवशाच्या दुकानदाराकडून करून घ्यावी, नाहीतर ते शोभेला ठेवावे.

यावर सगळ्यात पहिला आक्षेप असा येतो की आजी काही लिहून ठेवत नव्हती, तिच्या हाताला अंदाज होता. हे खरे आहे आणि त्या अंदाजाचा मी आदर करतो. पण तो अंदाज कसा तयार झाला ते बघावे. चाळीस वर्षे तीच चूल, त्याच विहिरीचे पाणी, त्याच शेतातला तांदूळ, आणि शेजारी उभी असलेली सासू किंवा जाऊ, जी मागच्या वेळचा बिघाड तोंडावर आठवण करून देत असे. म्हणजे नोंद होतीच, ती दोन-तीन माणसांच्या स्मरणात वाटलेली होती. आज बदलीच्या नोकरीत तीन वर्षांत घर बदलते, गॅसची जागा इंडक्शन घेते, तांदूळ दर महिन्याला नव्या पिशवीतून येतो आणि ओट्याशी माणूस एकटा असतो. ज्या आधारावर अंदाज उभा राहायचा ते आधार गेले, म्हणून कागद लागतो. कागद अंदाजाच्या आड येत नाही, उलट दोन-तीन वर्षांत तो हातात उतरतो आणि वही उघडायची वेळ कमी होत जाते.

दुसरा आक्षेप वेळेचा. सकाळी डबे, संध्याकाळी थकवा, त्यात लिहायचे कधी? म्हणूनच मी रोज पानभर लिहा असे म्हणत नाही. डोशाच्या पिठासारखा अपवाद सोडला तर जे सुरळीत झाले ते लिहूच नये. बिघाड रोज होत नाही, आणि झाला तर चार ओळी पुरतात. त्या कुकर थंड होईपर्यंत लिहून होतात. फक्त त्याच दिवशी लिहाव्यात, कारण दोन दिवसांनी आठवते ती आपली चिडचिड, पाण्याचे माप आठवत नाही. तिसरा आक्षेप मनाचा आहे आणि मला तो सगळ्यात गंभीर वाटतो: चुकांची वही ठेवली तर घरातल्या बाईवर बोट दाखवायला आणखी एक साधन मिळेल. ही भीती खोटी नाही. त्यावर उपाय असा की नोंद पदार्थाच्या नावाने करावी, माणसाच्या नावाने करू नये, आणि घरातल्या प्रत्येकाने आळीपाळीने ओट्याशी उभे राहून ती लिहावी. ज्याने स्वतः दोनदा भात करपवला आहे तो दुसऱ्याच्या करपलेल्या भाताबद्दल जपून बोलतो.

काही बिघाड मात्र वहीत येण्याआधीच थांबवायला हवेत. कुकरमध्ये डाळ अर्ध्यावर भरू नये, बाकी पदार्थ दोन-तृतीयांशापर्यंत. डाळीचा फेस वाफेच्या नळीत अडकला की दाब बाहेर पडत नाही, म्हणून नळीतून उजेड दिसतो का ते झाकण लावण्याआधी रोज बघावे, आणि दाब उतरल्याशिवाय झाकणाशी झटापट करू नये. तेल पेटले तर पाणी कधीही ओतू नये. गॅस बंद करावा, झाकण सरकवत कढईवर ठेवावे आणि ती पूर्ण निवेपर्यंत हलवू नये. भाजल्यावर वीस मिनिटे थंड वाहत्या पाण्याखाली हात धरावा. हळद, टूथपेस्ट, बर्फ यांनी जखम बिघडते. गॅसचा वास आला तर बटणांना हात न लावता खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर पडून १९०६ या मदत-क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक वहीच्या मुखपृष्ठावर आतून लिहून ठेवावा, म्हणजे घरातल्या मुलांनाही सापडेल.

वही कुठून सुरू करावी असे कोणी विचारले तर मी तिरुनागेश्वरम्-चीच वाट सुचवेन. एका दुपारी दहीभात अळणी करावा: मऊ भात, ताजे दही, आले, कढीपत्त्याची फोडणी. आधी दोन घास तसेच खाऊन दह्याचा आंबटपणा, तांदळाचा गोडवा आणि फोडणीतल्या मोहरीचा कडवटपणा वेगळे ओळखता येतात का ते पाहावे. मग एका वाटीत चिमूटभर मीठ घालावे, चाखावे, आणखी एक चिमूट, पुन्हा चाखावे. कितव्या चिमटीला चव भरली आणि कितव्या चिमटीला भाताच्या आधी मीठच लागू लागले, ते दोन आकडे तारखेसकट पहिल्या पानावर, वाटीच्या मापाखाली लिहावेत.